पैलतीरावरची मावशी

घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली, म्हणजे जी धांदल उडते ती लग्नघरालाही मागे सारील. बॅगेचे वजन तीन-तीनदा करायचे, तेवीस किलोंच्या वर काटा गेला की लाडू काढायचे की स्वेटर यावर आईबापांचे मतभेद व्हायचे, आणि अखेर लाडू आत राहून स्वेटर बाहेर यायचा, हे दृश्य पुण्या-मुंबईच्या वाचकांना नवे नाही. विमानतळावर काचेपलीकडे चिरंजीव दिसेनासे झाले की मंडळी डोळे पुसतात आणि 'एकदाचा मार्गी लागला' म्हणत परतीची टॅक्सी करतात. निरोप देण्यात आपण एवढा जीव ओततो. पण पलीकडे त्याला उतरवून घ्यायला कोण आहे, याची चौकशी त्याच्या निम्म्यानेही करीत नाही.

मी राहते ते शहागड गोदावरीच्या काठी आहे, त्यामुळे पैलतीर हा शब्द आम्हांला कोशात पाहावा लागत नाही. ऐलतीर जालना जिल्ह्यात, पैलतीर बीड जिल्ह्यात, आणि मधून धुळे-सोलापूर हमरस्त्याचा पूल. पूल नव्हता तेव्हा नावेने जात. नावाडी कितीही वाकबगार असला तरी पलीकडच्या घाटावर हात द्यायला कुणीतरी लागे, असे जुनी माणसे सांगतात. मोसंबी, कापूस आणि ऊस यांवर जगणारा हा मुलूख. इथल्या मुलांनी फार तर छत्रपती संभाजीनगर गाठावे, त्याहून हुशार असेल त्याने पुणे, अशी आतापर्यंतची रीत. गेल्या काही वर्षांत ही रीत बदलली. मी कॉलेजात मराठी शिकवते. ओवी आणि अभंग यांतला फरक समजावून सांगणाऱ्या बाईकडे म्युनिक, डब्लिन आणि ॲरिझोना येथील विद्यापीठांसाठी शिफारसपत्रे मागायला मुले येतील, असे मला एम. ए. होताना कुणी सांगितले असते तर मी हसले असते. आता येतात. 2023-24 या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 3,31,602 होती, आणि त्याच हिवाळ्यात जर्मनीत 49,483. या एवढ्या मोठ्या आकड्यांत अंबड, घनसावंगी आणि गेवराईकडचीही चार-दोन पोरे आहेत, हे शहरातल्या वाचकांच्या कदाचित ध्यानी येत नसेल.

शहरातल्या मुलाची गोष्ट वेगळी. परदेशी जाण्याची विद्या त्याच्या घरात वडिलोपार्जित असते. कुणाचा मामा न्यू जर्सीत, कुणाची आतेबहीण लंडनजवळ, शेजारच्या काकूंची सून टोरांटोत. तो निघण्यापूर्वीच त्याला ठाऊक असते, की पहिल्या रात्री कुणाकडे वरणभात मिळेल. आमच्याकडच्या मुलाला शिष्यवृत्तीच्या अर्जापासून विमानाच्या दारापर्यंत सारे इंटरनेटवर शिकता येते. एजंट पैसे घेऊन उरलेले करून देतो. इंटरनेटवर न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे न्यू जर्सीतली मावशी.

न्यू जर्सी हे नाव मी उगाच घेतले नाही. मराठी माणसाच्या परदेशी शिक्षणाची पहिली मोठी कथा तिथल्याच एका मावशीची आहे. आनंदीबाई जोश्यांचे नाव कुणाला माहीत नाही? पण आपण ती कथा सांगतो ती गोपाळरावांच्या हट्टाची आणि आनंदीबाईंच्या धैर्याची म्हणून. त्या कथेतले तिसरे माणूस, रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर, ही आपल्या स्मरणात जेमतेम उरते. झाले ते असे. गोपाळराव हे टपालखात्यातले कारकून. पत्नीला अमेरिकेत शिकवावे, आपल्यालाही तिथे काही काम मिळावे, अशा अर्थाचे पत्र त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिले. मिशनऱ्याने सुचवले की ख्रिस्ती व्हा, मग पाहू. आणि पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती ते मासिक पडले. 1880 साली त्यांनी कधी न पाहिलेल्या, सातासमुद्रांपलीकडच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला पत्र लिहिले. त्यांनी धर्माची अट घातली नाही, दुसरीही कसली घातली नाही.

पुढची तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाईंची प्रकृती कलकत्त्यास बिघडू लागली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. म्हणजे विद्यार्थिनी अजून बंदरावर पोचलेलीसुद्धा नाही, आणि यजमानीणबाईंनी तिची काळजी वाहायला घेतली आहे! 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई हजर होत्या. कॉलेज उघडायला अवकाश होता. तो सारा उन्हाळा आनंदीबाई रोझेलला त्यांच्या घरी राहिल्या. भाषा कानावर पडू लागली, माणसे ओळखीची झाली, अन्नपाण्याचे काय जमते काय जमत नाही ते कळले, आणि मग शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आज परदेशी विद्यापीठे नव्या विद्यार्थ्यांसाठी आठवडाभराचा परिचयवर्ग घेतात आणि त्याचा गाजावाजा करतात. कार्पेंटरबाईंचा परिचयवर्ग तीन-चार महिन्यांचा होता आणि तो स्वयंपाकघरात भरत असे.

फिलाडेल्फियालाही माणसे चांगली भेटली. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी या मुलीला आपले मानले. त्या कॉलेजात परदेशांतून आलेल्या मुलींचा एक छोटा मेळाच होता. 1885 च्या ऑक्टोबरातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: नऊवारी नव्हे, गोल पातळातल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघीही आपापल्या देशी पोशाखात. मी ते चित्र वर्गात दाखवते तेव्हा मुली विचारतात, "बाई, या तिघी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलत असतील?" इंग्रजीत, आणि ती तिघींनाही परकी! परक्या भाषेत परक्या माणसांशी मैत्री करणे हे परदेशी विद्यार्थ्याचे पहिले शिक्षण असते, त्याला गुण मिळत नाहीत एवढेच.

आता या कथेतली एक लहानशी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फिलाडेल्फियात आनंदीबाईंना जी खोली मिळाली तिची शेगडी धड नव्हती. पेटवावी तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर थंडी हाडांत शिरे. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी पडत, म्हणून पुढे त्यांनी गुजराती पद्धतीचे पातळ नेसायला घेतले. त्यांची प्रकृती इथूनच तोळामासा होती. क्षय त्या खोलीनेच दिला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मनात येते, की कॉलेज उत्तम, अधिष्ठाता मायाळू, मावशी पत्रापत्रांतून जीव लावणारी, एवढ्या साऱ्या सद्भावनेत त्या शेगडीचे धुराडे नीट करून देणारे कुणीच कसे निघाले नाही? 11 मार्च 1886 रोजी त्या एम. डी. झाल्या. वर्षअखेर मायदेशी परतल्या, कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक वाट पाहत होती, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. ती त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी येथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, आपल्याच माणसांच्या शेजारी ठेवली.

त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाईंचा अनुभव थोडा निराळा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठाने त्यांना आसरा दिला, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकण्या-शिकवण्याची सोय झाली. आसरा खरा होता, माया खरी होती. पण रमाबाईंनी धर्माबाबत काय मानावे आणि कुणाचे ऐकावे, हेही ठरवण्याचा आपल्याला अधिकार आहे असे आसरा देणाऱ्यांना वाटू लागले. रमाबाई तर बोलूनचालून रमाबाई! त्यांनी उपकार मानले, पण बुद्धी गहाण ठेवली नाही, आणि तो वाद पत्रांतून चांगलाच रंगला. मदत घेणाऱ्याने मदत देणाऱ्याच्या मतानुसार वागावे, ही अपेक्षा मठातच असते असे नव्हे. भाच्याला परदेशी आपल्या घरी ठेवून त्याने दाढी कधी करावी हेही ठरवणारे मामा मी ऐकून आहे.

तिसरी कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना ती विशेष जवळची, कारण 1950 साली औरंगाबादेत त्यांनी मिलिंद महाविद्यालय काढले आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांत पहिली पदवी त्या दारातून आली. 1913 च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी; तीतूनच काही घरी पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते आठवडाभर राहिले, जेवण मानवेना म्हणून दुसरीकडे गेले, आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर एका खोलीत राहू लागले. ही खोली-सोबत जन्मभराची मैत्री ठरली. काही वर्षांनी लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेबांना पैसे हवे होते. तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला पाच हजारांचे कर्ज या भथेनांनीच दिले. सयाजीरावांची शिष्यवृत्ती इतिहासात नोंदली गेली, ते योग्यच झाले. भथेनांचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते.

लंडनमधले हाल तर चरित्रकारांनी लिहूनच ठेवले आहेत. घरमालकीण कंजूष, न्याहारी नावाला, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक अनावर झाली की पत्र्यावर भाजलेले चार पापड. चॉक फार्म भागातले ते घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. पापडांचे स्मारक करता येत नाही, पण परदेशी शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या आठवणींत ते कुठल्या ना कुठल्या रूपात असतातच.

पण या कथेतला खरा काटा न्यूयॉर्कलाही नाही आणि लंडनलाही नाही. तो बडोद्याला आहे. 1917 साली कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला हा विद्वान करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला, आणि त्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत तो अकरा दिवस कसाबसा राहिला. मग काठ्या घेतलेले लोक आले आणि त्याला बाहेर काढले. नंतरचे काही तास बागेत बसून काढावे लागले. हे सारे त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि ज्या टिपणवहीत लिहिले तिचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. परक्या देशात पहिल्याच आठवड्यात दोन-दोन खोल्या मिळालेल्या माणसाला स्वदेशात परवान्याची वाट पाहावी लागली. माझ्या वर्गात हा भाग सांगताना मुले एकदम गप्प होतात. काहींच्या घरच्या कथा याच जातीच्या असतात.

वास्तविक परगावच्या विद्यार्थ्याला सांभाळण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत. सोमवार जोश्यांकडे, मंगळवार केळकरांकडे. त्यात पोट भरे, पण कुणाच्या दारी कोण जेवू शकेल याची सीमा जातीने आखलेली होती. ती सीमा ओलांडायला शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले, पुण्यात 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. आमच्या मराठवाड्याला हे सारे उशिराच मिळाले. निजामी अमदानीत इथल्या मुलाला विद्यापीठ म्हणजे हैदराबाद, आणि तिथे 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ते शहर आजच्या जर्मनीहून फार जवळ वाटत असेल असे मला वाटत नाही. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते 1958 साली. म्हणजे परक्या मुलुखात, परक्या भाषेत शिकायचे म्हणजे काय, हे आमच्या आजोबांच्या पिढीने विमानात न बसताच जाणले होते.

त्या पिढीचा एक पणतू दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. शहागडपासून चार-पाच मैलांवरच्या खेड्यातला मुलगा. जालन्याला डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग, पुढे तिकडच्या एका मध्यम शहरातल्या विद्यापीठात प्रवेश. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते, हे ऐकून आपल्याकडचे पालक हरखतात. पण व्हिसा मिळवायचा तर वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या गोठवलेल्या खात्यात आधी भरावे लागतात, आणि त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. रुपयांत ही रक्कम अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. मुलाच्या वडिलांनी मोसंबीची बाग आणि खालचे रान, दोन्ही तारण ठेवले. मुलाची आई माझ्याकडे आली ती कागदांसाठी नव्हे. म्हणाली, "बाई, समदं इचारून झालं. पर लेकरू तिथं उतरल्यावर त्याला न्यायला कोन येनार, ते कुणीच सांगंना."

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. एजंटाच्या कचेरीत तो विचारला तर तिथला तरुण म्हणाला, "मॅडम, गुगल मॅप आहे की!"

मुलगा पोचला तो शनिवारी रात्री. दुसरा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आईच्या गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर त्याने दिवस काढला. (जाता जाता सांगते: युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा तूप आणि पेढे यांचा मोह आयांनी आवरावा.) वसतिगृहात जागा नव्हती, नाव प्रतीक्षायादीत. तात्पुरती खोली घेतली. राहत्या पत्त्याची नोंद तिकडे नगरपालिकेच्या कचेरीत करावी लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, आणि हा मालक दाखल्याला टाळाटाळ करणारा. नोंद नाही म्हणून बँकेत खाते उघडेना, खाते नाही म्हणून स्वतःचेच गोठवलेले पैसे हाती येईनात. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी कचेरी होती, नव्या मुलाला जुना विद्यार्थी सोबती म्हणून देण्याची सोयही होती. फक्त त्यासाठी नाव नोंदवावे लागे. याने नोंदवले नाही. का, ते मी नंतर विचारले. म्हणाला, "मॅडम, आपलं काम आपल्याला येत नाही असं लिहून कसं द्यायचं?"

हे वाक्य परदेशी विद्यापीठांतल्या साहाय्यक अधिकाऱ्यांनी ऐकायला हवे. आमची मुले मदत नाकारीत नाहीत. ती मागत नाहीत. ज्या घरात बापाने सोसायटीच्या सचिवापुढे हात जोडून कर्ज घेतलेले पाहिले, त्या घरातल्या मुलाला अर्ज म्हणजे लाचारी वाटते. मागेल त्याला देऊ म्हणून दार उघडे ठेवणारी कचेरी अशा मुलाला दिसतच नाही. कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंच्या अर्जाची वाट पाहिली नव्हती.

मी मराठीची शिक्षिका. मला त्याच्या यंत्रशास्त्रातले ओ की ठो कळत नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की दर रविवारी मला एक पत्र लिही, मराठीत, हाताने, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर धाड. काय खाल्लेस, किती खर्च झाला आणि कुणाकुणाशी बोललास, या तिन्हींची उत्तरे त्यात हवीत. पहिल्या दोहोंची उत्तरे तो नीट देई. तिसऱ्याचे एका रविवारी उत्तर आले: "बसच्या ड्रायव्हरला सकाळी नमस्कार केला." सात दिवसांत एवढेच. नोव्हेंबर महिना होता. तिकडे दुपारी साडेचारला अंधार पडतो. पुढच्या आठवड्यात पत्राऐवजी फोन आला. आपण परत यावे का, असे तो विचारत होता, आणि बागेचे काय होईल हे त्यानेच पुढच्या वाक्यात सांगितले. रडत नव्हता. रडला असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

तेव्हा मी जे केले ते शहरातली कुठलीही मावशी करील तेच. ओळखीपाळखी चाळल्या. माझ्या एका मैत्रिणीची पुतणी, सोलापूरची मुलगी, त्याच्या गावापासून आगगाडीने दोन तासांवर शिकत असल्याचे निघाले. लंडनला 1932 पासून महाराष्ट्र मंडळ आहे, उत्तर अमेरिकेत 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, त्यांचे गणपती आणि दिवाळी थाटात होतात. पण जर्मनीतल्या त्या मध्यम शहरात मंडळ कुठले? एका शनिवारी ही मुलगी कुकर आणि तांदूळ घेऊन त्याच्या खोलीवर जाऊन थडकली. आत शिरताच तिने विचारले, "अरे, इथे एवढे गार का?"

खोलीत भिंतीला तापवण्याची नळ्यांची जाळी असते आणि तिला एक ते पाच आकड्यांची चावी. आमच्या मुलाने ती सहा आठवडे शून्यावर ठेवली होती. फिरवली की बिल येईल, बिल आले की ते कसे भरायचे, म्हणून तो जॅकेट घालून झोपत होता. तापवणीचे पैसे भाड्यातच धरलेले होते; करारनाम्यात ते जर्मन भाषेत लिहिलेले होते. तिने चावी तीनवर फिरवली.

मला ते ऐकून फिलाडेल्फियाची ती शेगडी आठवली. मध्ये एकशेचाळीस वर्षे गेली; कोळशाच्या जागी नळीतले गरम पाणी आले, पत्राच्या जागी व्हॉट्सॲप आले, आणि विद्यार्थी अजून थंड खोलीतच बसला आहे, कारण खोलीत येऊन भिंतीला हात लावून पाहणारे कुणी नाही. शिष्यवृत्ती देणारा लांबून देऊ शकतो, शिफारसपत्र मी शहागडहून लिहू शकते. शेगडी मात्र तिथेच जाऊन पाहावी लागते.

बाकीचे मग हळूहळू सुटले. मुलगी सोमवारी त्याच्याबरोबर विद्यापीठाच्या त्या कचेरीत गेली, त्यांनी घरमालकाला एक दूरध्वनी केला, दाखला निघाला. सोबती म्हणून त्याला व्हिएतनामचा एक विद्यार्थी मिळाला. दोघांनाही जर्मन अर्धवट येते, दोघांनाही भात लागतो, एवढ्या भांडवलावर मैत्री जमली. पहिल्या सत्रात एका विषयात तो नापास झाला. ते त्याने आईला सांगितले नाही, मला सांगितले, आणि पुढच्या खेपेस उत्तीर्णही झाला.

इथे आपल्या दारातलेही थोडे बोलायला हवे. संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेनसारख्या अरबी देशांतले आणि आफ्रिकेतले विद्यार्थी शिकायला येतात, पुण्यात तर कितीतरी येतात. त्यांच्यासाठी भाड्याची खोली शोधायला मी एकदा एका सहकाऱ्याबरोबर हिंडले आहे. "कुठला?", "खातो काय?", "पाहुणे येतील का?" आणि मग "जागा कालच गेली." जर्मन घरमालकाने दाखला दिला नाही म्हणून आमचा जीव खाली-वर होतो, आणि इथे सुशिक्षित वस्तीत, तुळशीवृंदावन असलेल्या अंगणात उभे राहून आपण हेच ऐकवतो. एका येमेनी विद्यार्थ्याला शेवटी जागा दिली ती एका निवृत्त एस. टी. कंडक्टरने. मी कारण विचारले तर म्हणाले, "उभ्या माणसाला सीट देणं हेच काम केलंय की जन्मभर."

आमच्या मुलाला आता तिकडे दोन वर्षे झाली. त्याच्या आईला सोलापूरच्या त्या मुलीचे नाव माहीत आहे, फोटो पाहिला आहे, भेट झालेली नाही. मुलगी अजून जर्मनीतच आहे. यंदा आंब्या बहराची मोसंबी उतरली तशी ही माउली पुन्हा माझ्याकडे आली, या वेळी एका गोणीसह. म्हणाली, "बाई, त्या पोरीचं माहेर सोलापुरात कुठं हाय?" मी पत्ता लिहून दिला. तिने सोलापूरच्या गाडीची वेळ विचारून ठेवली होती, आमच्या पुलावरूनच ती जाते. गोणीवर मुलीच्या आईचे नाव घालायचे की वडिलांचे, यावर थोडा विचार झाला. शेवटी तिने मुलीचेच नाव घालायला लावले, आणि ड्रायव्हरला दोनदा बजावले की फळ कोवळे आहे, वर काही ठेवू नको.